मंचापलीकडचं गाणं

कार्निव्हलच्या मंगळवारी टँटी व्हर्लिन माझ्या डीजे-ट्रकवर चढली. तिने आधी स्पीकरांच्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दूदू, मंचावर माझंच गाणं ना?"

"तुझंच, टँटी."

टँटी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. लाडाने ती मला दूदू म्हणते. पोर्ट ऑफ स्पेन तिला बाचाक म्हणून ओळखतं. बाचाक ही आमच्याकडची लाल मुंगी, स्वतःपेक्षा मोठं पान डोक्यावर धरून चालणारी. मी शाळेत जायच्या आधीच टँटीने रोड मार्च जिंकला होता, म्हणजे सव्हाना मैदानातला मंच ओलांडताना नाचणाऱ्या पथकांपैकी सर्वांत जास्त पथकांनी तिचं गाणं वाजवलं होतं. त्या एका गाण्याच्या बळावर ती टोरांटो, ब्रुकलिन, लंडन अशी कितीतरी कार्निव्हलं गाऊन आली. पण सोकाचं, म्हणजे आमच्या कार्निव्हलच्या नाचसंगीताचं, मागच्या वर्षीचं गाणं म्हणजे कालचे डबल्स, चणे भरलेल्या पुऱ्या. पुन्हा गरम करून कोणी खात नाही. दरवर्षी नवं लागतं, आणि तिची नवी गाणी हल्ली रेडिओवरच विरून जायची. बाहेरची बोलावणी आटली. यंदा मंचावर, कॅमेऱ्यांसमोर एकदाही वाजलं नाही तर गाणं बंद, असं तिने आईला सांगून टाकलं होतं.

बाकी ट्रकवाल्यांनी गोड हसून तिला टाळलं होतं. उरले मी.

गाण्याचं नाव 'अजून थोडं'. ओझं उचललंय, तर कोपऱ्यापर्यंत ने, एवढाच त्याचा अर्थ. रोड मार्च हवा तर गाणं वेगात पळालंच पाहिजे, हे इथे पाळण्यातलं पोरही सांगेल. म्हणून टँटीनेही ते पळवलं होतं. इतकं, की मी घरची असूनही मला दुसरी ओळ नीट कळत नसे.

मंचाच्या अलीकडे पथकांची रांग तुंबली होती. वरून ऊन, खालून डांबर. आमच्या पथकाचे प्रमुख मिस्टर क्लाइव्ह शिडीवरून अर्धे वर आले.

"शेनेल, तुझी टँटी मला बहिणीसारखी आहे. पण लोकांना केरॉनचं गाणं हवंय, यंदा जिकडेतिकडे वाजतंय ते."

"लोकांना विचारलंत?" टँटी मागून म्हणाली.

"बाचाक, तू इथेच आहेस होय!"

"मग कुठे असणार? दूदू, माझं लाव. आणि पालुपद आलं की आवाज काढून घे."

माझा हात थांबला. आवाज काढला की पुढचं लोकांनी गायचं असतं. गाणं लोकांचं झालंय की नाही, ते तिथे कळतं. कोणी गायलं नाही, तर तेही सगळ्यांदेखत कळतं.

"टँटी, कशाला उगाच?"

"काढ म्हटलं ना."

मी लावलं. पालुपदाशी बटण खाली ओढलं. पथकभर शांतता. कुणाच्या तरी पिसांची सळसळ तेवढी ऐकू आली.

"ए डीजे, वीजबिल भरलं नाहीस का?" मागून कोणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

टँटी हसली नाही. ती शिडी उतरून थेट लोकांत गेली. फुटपाथवर निळ्या पिसांचा डोलारा बाजूला ठेवून मिस ग्लेंडा बसली होती. शेजारणींना घेऊन ती दरवर्षी आमच्या पथकात नाचते.

"काय ग ग्लेंडा, तोंडात पेलाऊचा घास होता का?"

"शब्द कळले तर गाऊ ना! कुत्रं मागे लागल्यासारखी पळतेस तू. आमची वयं बघ, तुझं वय बघ."

"माझ्या वयाचं राहू दे. बाटली कुठाय?"

ग्लेंडाने रिकामी बाटली आणि चमचा पुढे केला. टँटीने ठेका धरला आणि माइकशिवाय, एकेक शब्द सुटा करत गायली. बायका मागून म्हणू लागल्या. चुकल्या, की टँटी चमचा त्यांच्या गुडघ्यावर वाजवायची. "अजून थोडं, ग, अजून थोडं! नुसतं थोडं काय? तू काय पाहुणी आहेस?" रांग सरकेपर्यंत अर्धं पथक शिकलं होतं.

मंचाचं फाटक उघडलं. टँटी धापा टाकत वर आली. माझं बोट तिच्या गाण्यावरच होतं.

"केरॉनचं लाव," ती म्हणाली.

"काय?"

"माझं त्या वेगात त्यांना येत नाही. हळू घेतलं तर मंचावर उड्या कशावर मारणार? वर्षभर थांबलेत ते या घटकेसाठी."

"पण मग तुझं..."

"तोंड बंद, हात चालू!"

मी केरॉनचं लावलं. पथक मंचावर तुटून पडलं. धूळ, पिसं, चमकी, सगळं एकदम हवेत. परीक्षकांनी माना खाली घालून केरॉनच्या नावावर खूण केली. टँटी कठड्याला टेकून हातातला रुमाल फिरवत होती, अगदी मनापासून. मला तिच्याकडे बघवेना.

मंच मागे पडला. लोक दमले होते. आता उड्या नाहीत, नुसते पाय घासत पुढे जायचं. पुढचं गाणं शोधायला मी आवाज उतरवला, आणि खालून बाटलीचा ठेका आला. ग्लेंडा गात होती. मग तिच्या शेजारणी, मग मागची रांग, मग मघाशी ओरडलेला तो माणूससुद्धा. "अजून थोडं, अजून थोडं, कोपऱ्यापर्यंत ने." 'थोडं'वर बरोबर पाऊल पडत होतं. रस्ताभर चपलांची एकच खरखर.

मी काहीच लावलं नाही.

ट्रकशेजारून चालणारे मिस्टर क्लाइव्ह वर बघून म्हणाले, "परीक्षक मागे राहिले, बाचाक. आता हे कोण मोजणार?"

"गप्प बस रे. ऐकू दे."

ती ट्रकच्या कडेला पाय सोडून बसली. दोन कोपरे गेले तरी खाली गाणं चालूच होतं.

"हे मी केलेलं गाणं नव्हे, दूदू," ती शेवटी म्हणाली. "पण हे मला गाता येईल. अजून बरीच वर्षं."

"उद्या स्टुडिओ बघू?"

"उद्या राखेचा बुधवार, उपासाचे दिवस सुरू. कपाळाला राख, तोंडाला कुलूप. गुरुवारी बघू."

"वेग किती ठेवायचा?"

तिने खालच्या पायांकडे बोट दाखवलं. मी फोन काढला, कठड्यावरून वाकले आणि ती खरखर टिपून घेऊ लागले.