कोरडी पेटी

घरात धाकट्या जावेचं नाव वेंधळी असं पडलं होतं. मोठी जाऊ जिन्यावरून घसरली, तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि खालच्या खोलीतली बदकाच्या पिल्लांची पेटी नेमकी या वेंधळीच्या गळ्यात आली.

"बाकी काही चुकलं तरी चालेल," मोठीने वरच्या खोलीतून बजावलं, "पण भुसा ओला राहता कामा नये. मागच्या खेपेची सगळी ओलीनेच गेली, गारठून."

झालं! धाकटीच्या जिवाला घोर लागला. हीही पिल्लं गेली, तर तिला या घरात कुणी चमचासुद्धा विश्वासाने हातात देणार नव्हतं. आणि पिल्लं कसली, पाण्याची भुतं! चोच बुडवायची, मान झटकायची, भांड्यातच बसायचं, आणि तेच ओलं अंग घेऊन उबेसाठी लावलेल्या दिव्याखाली भुशात लोळायचं. भुसा बदलून ती चहाला बसेपर्यंत पुन्हा चिखल. जेवतानाही ती मध्येच उठून भुशाला हाताची पाठ लावून यायची.

"अगं, पिल्लं आहेत ती," नवरा म्हणाला, "वाळत घातलेले कपडे नाहीत."

तिला हसू आलं नाही. भुशाचं पोतं तळाला गेलं होतं.

शेवटी तिने रोगाचं मूळच उपटलं. सकाळी पिल्लांना पाणी पाजलं आणि भांडं सरळ बाहेर काढून ठेवलं. पिल्लांनी एकच कलकलाट केला. भूक लागली असेल, म्हणून तिने भरड्याची थाळी काठोकाठ भरली. दुपारी हात लावून पाहिलं, तर भुसा कसा खुटखुटीत! तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात वरून हाक आली. "अगं, पिल्लं गप्प का?"

"झोपलीत, ताई. आज सगळं कोरडं आहे."

"कोरडं? पाणी कुठाय मग?"

"काढून ठेवलंय. तुम्हीच म्हणालात ना, ओल नको."

वर काहीतरी धाडकन पडलं. मग प्लास्टरचा पाय पुढे धरून, एकेका पायरीवर बसत मोठी खाली येऊ लागली. "भांडं भर! आधी भांडं भर! कोरडा भरडा घशात बसतो त्यांच्या!"

धाकटी भांडं भरून पेटीकडे धावली. पिल्लं झोपली नव्हती. चोची उघड्या टाकून, माना ताणून बसली होती. तिने पाणी ठेवताच बाकीची तुटून पडली. एक मात्र आडवं पडलेलं तसंच राहिलं.

मोठी शेवटच्या पायरीवर धापा टाकत बसली. "घे ते हातात. चोचीचं नुसतं टोक बुडव, घशात ओतू नकोस."

"मी नाही. माझ्या हातून मरेल ते."

"मला उठता येत नाहीये. घे म्हणते ना!"

धाकटीने ते मांडीवर घेतलं. गळ्यावरून बोट फिरवलं की आत अडकलेल्या भरड्याची गाठ लागत होती. चोच ओली करायची, मान हलकेच वरून खाली चोळायची. पिल्लू हलेना. देवा, एवढं एक, ती पुटपुटत राहिली.

गाठ सरकली. पिल्लू शिंकलं, स्वतःहून पाणी प्यायलं, मान झटकली आणि तिच्या मांडीवर सगळी घाण करून मोकळं झालं.

पेटीत पुन्हा चिखल झाला होता. "ऊठ आता," मोठी म्हणाली, "कोरडा भुसा आण. ती भिजवणार, आपण बदलणार. मोठी होईस्तोवर हेच."

धाकटी उठली नाही. तिची मांडी ओलीचिंब झाली होती, आणि तिला ती तशीच हवी होती.