करंगळीचा पंचम

प्रफुल्लने व्हायोलिनच्या तारांखालची लाकडी घोडी पुन्हा काढली आणि खिडकीशी बसून तिची वरची कड बारीक सँडपेपरने घासायला घेतली. घोडी थोडी बसकी झाली की तारा खाली येतील, बोटाला कमी जोर लागेल, असं त्याला वाटत होतं. समोर चटईवर तृप्ती आपलं व्हायोलिन मांडीवर घेऊन बसली होती. भंडाऱ्याहून पूल ओलांडून ती कारध्याला त्याच्या घरी शिकायला येई. विशारदची परीक्षा जवळ आली होती.

"सर, राहू द्या ना," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यातबी घासली तुम्ही."

"तारा उंचच वाटून राहिल्या मले."

घोडी बसवून, तारा चढवून त्याने षड्ज धरला. रिषभ, गंधार ठीक लागले, मध्यमही जेमतेम जमला. पंचमाला करंगळी टेकवली आणि सूर खाली घसरला. शेजारची मोकळी तार पंचमातच लावलेली होती. गज दोन्ही तारांवरून फिरला तेव्हा त्यांच्यातलं अंतर लहान मुलालाही कळलं असतं.

तृप्तीने मान खाली घातली.

"तुझं दे इकडे," तो म्हणाला.

तिच्या व्हायोलिनवरही करंगळी तशीच चुकली. आता वाद्याला बोल लावायची सोय राहिली नाही. त्याने व्हायोलिन परत दिलं आणि आज एवढंच, म्हणून तिला लवकर घरी पाठवलं.

वर्षभर तो हेच करत होता. तारा बदलून झाल्या, नागपूरला जाऊन वाद्य दाखवून झालं. तरुणपणापासून तारा दाबून त्याच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं घट्ट झाली होती. नवीन विद्यार्थी आला की तो ती टोकं दाखवायचा. अशी बोटं झाली की तार बोचत नाही, म्हणायचा. करंगळीच्या टोकाला काही लागत नाही, याचं त्याला म्हणूनच कधी नवल वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सत्यवती, त्याची बायको, त्याच्या हातातून चहाचा रिकामा पेला घेताना थबकली.

"हे काय झालं?"

करंगळीच्या आतल्या बाजूला मोठा फोड आला होता. पाण्याने टरारला होता.

"सकाळचा पेला गरम होता असंल."

"असंल म्हणजे? तुमाले चटका बसला नाही का?"

त्याने फोडाकडे पाहिलं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबला, मग आणखी जोरात दाबला.

सत्यवती गप्प बसणारी नव्हती. गावची आशा सेविका रत्नमाला घरोघर तपासणी करत फिरत होतीच; सत्यवतीने तिला अंगणातूनच आत बोलावलं. रत्नमालाने प्रफुल्लला खुर्चीवर बसवलं आणि बाही वर करायला लावली. कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला, फिकट चट्टा होता. तो त्याने पाहिला होता. उन्हाचा डाग समजून सोडून दिला होता.

"डोळे मिटजा, भाऊजी. पेन लागला की तिथं बोट ठेवजा."

त्याने डोळे मिटले. मनगटावर लागलं, त्याने बोट ठेवलं. तळहातावर लागलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"लाव ना," तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले. पेनाचं टोक त्याच्या करंगळीवर टेकलेलं होतं, मांसात किंचित रुतलेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कोपरामागची शीर चाचपून पाहिली. रोगाचं नाव त्यांनी आवाज न चढवता, सर्दीपडशाचं घ्यावं तसं घेतलं. कुष्ठरोग. गोळ्या फुकट मिळतील, रोग पूर्ण बरा होईल, औषध सुरू झालं की कोणाला लागण्याची भीती राहत नाही. प्रफुल्लने ते सगळं ऐकून घेतलं.

"आणि बोट?"

"शीर किती वाचते ते बघू. जे गेलंय ते परत येईलच, असं नाही सांगता येणार."

घरी आल्यावर तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याच्या आजोबाच्या हातचं पाणी जातीमुळे गावात कोणी घेत नसे. जयंतीच्या सभेत भाषणाला उभा राहिला की तो हे सांगायचा. आवाज न कापता सांगायचा, कारण ते दिवस संपले होते. आज ते आठवलं आणि त्याने हात पाठीमागे घेतला. सत्यवतीने ते पाहिलं. ती येऊन त्याच्या डाव्या बाजूला बसली.

"क्लास बंद करतो," तो म्हणाला.

"काहून? डॉक्टरीण तं म्हणाली लागत नाही."

"लोकाइले कोण सांगन?"

"नका सांगू मंग. तब्येत बरी नाही म्हणा."

"पोरी माझ्या हातात वाद्य देतेत, सत्यवती. सूर लावून घेतेत. न सांगता कसं घेऊ?"

सत्यवतीने वाद घातला नाही. तिने गोळ्यांचं पाकीट उचललं आणि फडताळात ठेवलं, समोरच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. थोड्या वेळाने ती उठली आणि ते डब्यामागे सरकवलं.

तृप्ती आली तेव्हा त्याने तिला बसूही दिलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं. रोगाचं नाव घेतलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सांगितलं.

"घरी विचार. दुसरा मास्तर पाहायचा असंल तं मी सांगतो नागपुरात. मले राग नाही येणार."

तृप्ती दारातच उभी होती. खांद्यावरची पेटी तिने दुसऱ्या खांद्यावर घेतली. पुढचे दोन क्लास ती आली नाही. तिसऱ्या वेळी बाहेर स्कूटीचा आवाज आला तेव्हा सत्यवती पदराला हात पुसत दारापर्यंत धावली, आणि मग काही झालंच नाही अशी आत गेली.

"आईनं पाठवलं?" प्रफुल्लने विचारलं.

"मी आली," तृप्ती म्हणाली.

ती नेहमीच्या जागी बसली. वाद्य लावताना वरची तार तिला साधेना. तिने खुंटी दोनदा पिळली, मग नेहमीसारखं व्हायोलिन त्याच्यापुढे केलं. त्याने ते घेतलं, गज फिरवत तार चढवली आणि तिच्या हातात परत दिलं.

तृप्तीने पेटीतलं फडकं काढलं. वाजवून झालं की हाताचा घाम तारांवर ठेवू नये, तार गंजते, हे त्यानेच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण तिने अजून वाजवलं नव्हतं. ती खाली मान घालून एकेक तार पुसत होती, खुंटीपासून खालपर्यंत, सावकाश.

प्रफुल्ल पाहत राहिला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"नीट पूस," तो म्हणाला. "घोडीपाशीबी."

तिचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही. मग तिने घोडीपाशीही पुसलं.