पुढच्या खेपेला

तीनशे वर्षं जुन्या कालव्यावरचा तो लाकडी पूल एवढासा, की पलीकडची शिंक अलीकडे ऐकू यावी. नाव आली की चाक फिरवून तो वर उचलायचा, गेली की खाली घ्यायचा. काम मुळात वडिलांचं. त्यांचे गुडघे गेल्यावर लेकीकडे आलं. सगळे तिला पूलताई म्हणत.

तेव्हा दर मंगळवारी भोंगा वाजवत विटांची नाव यायची. नाववाला तरणाबांड, बोलघेवडा. त्या दिवशी चाक जरा सावकाशच फिरायचं. एकदा तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर. लग्न करू."

"बाबा अंथरुणाला खिळलेत. पुढच्या खेपेला सांगते."

पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, त्याच्या पुढच्याही. बाबा अकरा वर्षं जगले. तोवर विटा ट्रकनं जाऊ लागल्या आणि नाव यायची थांबली. नंतरची तीस वर्षं मात्र कुठंही भोंगा वाजला की तिचा हात थबकायचा. शेजारी राहणारी वहिनी हसायची, "ताई, दूध उतू गेलं बघा!"

यंदा पूल कायमचा खालीच ठेवायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यात भर दुपारी भोंगा वाजला. नाव तीच, रंग उडालेली. सुकाणूवर टकला म्हातारा.

"केस कुठे टाकून आलास?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तो हसला. नाव मोडीत दिली होती, तीच पोचवायला निघाला होता. बायको वारली, आता मुलीकडे राहणार, म्हणाला.

तिनं पूल उचलला. नाव पलीकडे गेली आणि तिनं एकदम हाक मारली, "थांब!" मग शेजारच्या घराकडे वळून म्हणाली, "वहिनी, पूल खाली घे गं."

"अहो, पण मला कुठं येतं?"

"उलटं फिरवायचं, झालं!"

त्यानं नाव काठाला लावली. ती चढली. नाव लागायचा पुढचा धक्का दोन मैलांवर, तिथवरच जायचं होतं. आपलं घर पाण्यावरून तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

"केवढंसं दिसतं रे!"

"ती स्वयंपाकघराची खिडकी मला वळणावरूनच दिसायची," तो म्हणाला. "मग पुढचं काही दिसायचं नाही."

धक्का आला. "उतरायलाच हवं का?" त्यानं विचारलं.

"मुलगी वाट बघत असेल तुझी," ती म्हणाली आणि उतरली.

काठाकाठानं ती चालत परतली. दोनदा मागं वळून पाहिलं. दुसऱ्यांदा नुसतं पाणी होतं. पायाला फोड आले होते. वहिनीनं घमेल्यात गरम पाणी आणून ठेवलं. त्यात पाय सोडून पूलताई पोटभर रडली.