ताटाची डावी बाजू

पहिली पसंती

ऑक्टोबर होता, तळं गोठायला अजून अवकाश होता, म्हणून ब्रिनच्या बाबांची बर्फावरच्या मासेमारीची खोपटी अंगणातच ठोकळ्यांवर उभी होती. तिच्या तळाला दोन गोल भोकं. हिवाळ्यात त्यांतून काळं पाणी दिसायचं, आता गवत दिसत होतं. लिनिया आणि ब्रिन बालवाडीपासून महत्त्वाचं सगळं इथेच बोलत आल्या होत्या, भोकांत पाय सोडून.

त्या दिवशी दोघींच्या मांडीवर लॅपटॉप होते. राज्याच्या विद्यापीठाचा अर्ज, आणि त्यात एक चौकोन: विषय.

लिनियाला विचार करायचाच नव्हता. नर्सिंग.

"थांब," ब्रिन म्हणाली. "दोघींनी नर्सिंग लिहिलं तर एकीचा पत्ता कट. एका शाळेतून एका विषयाला ते एकच घेतात."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

"मग तू दुसरं काहीतरी लिही ना. रक्त बघून हॉकीच्या मॅचला चक्कर येऊन पडलेली तूच ना?"

"पडले नव्हते. बसले होते. जरा जोरात."

दोघी हसल्या. मग ब्रिन पायाच्या बोटांनी गवत उपटत राहिली. "लिन, तुझे मार्क बघ आणि माझे बघ. तू जीवशास्त्रातून आत शिर, दुसऱ्या वर्षी नर्सिंगला वळ. तुला कोण नाही म्हणणार आहे? मला आत्ता नाही मिळालं तर कधीच नाही."

"आधी कोस्की बाईंना विचारू," लिनिया म्हणाली. कोणता विषय, कोणतं कॉलेज, हे सगळं शाळेत कोस्की बाईच बघायच्या.

पण दुसऱ्या दिवशी लिनियाला सणकून ताप भरला. ब्रिन एकटीच गेली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"विचारलं. चालतंय. पाठवून दे."

लिनियाने पांघरुणातूनच अर्ज पाठवला.

हाच विषय का?

अर्जातल्या या प्रश्नाचं उत्तर लिनियाकडे होतं, पण ते जीवशास्त्राच्या चौकोनात बसेना. तिथे तिने तळ्यातल्या शेवाळाबद्दल काहीतरी लिहिलं. खरं उत्तर तिने फक्त ब्रिनला सांगितलं होतं. ते असं:

शनिवार-रविवार ती गावातल्या वृद्धाश्रमात जेवणाची ताटं वाटायची. तिथे पेल्टो म्हणून एक म्हातारबाबा होते. मेंदूच्या झटक्यानंतर ते रोज अर्धंच जेवायचे. ताटाची उजवी बाजू स्वच्छ, डावीकडचं जसंच्या तसं. सगळे म्हणायचे, भूक मेली. एक दिवस लिनियाने सहज ताट गोल फिरवलं. पेल्टोबाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "अगं, मासा पण आहे होय? आधी का नाही सांगितलंस?" आणि उरलेलं सगळं संपवलं. त्यांच्या लेखी डावी बाजू नव्हतीच. डोळे शाबूत होते, पण त्या बाजूला जग आहे हेच मन विसरलं होतं.

त्या दिवशी ती सायकल हातात धरून चालत घरी आली होती. आपल्याला काय व्हायचंय ते…

पुढचं तिला ब्रिनलाही सांगता आलं नव्हतं.

दुसरी पसंती

एप्रिलमध्ये प्रवेश मिळालेल्यांना विद्यापीठाने बघायला बोलावलं. दोघींना मिळाला होता. ब्रिनची आई गाडी घेऊन आली. नर्सिंगवाले एका इमारतीत, जीवशास्त्रवाले समोरच्या.

तिथल्या बाईंना लिनियाने विचारलं, "दुसऱ्या वर्षी नर्सिंगला जाताना काय करावं लागतं?"

बाईंनी चष्मा काढला. "नर्सिंगमध्ये मधून कुणालाच घेत नाहीत, बाळा. सुरुवातीलाच लिहावं लागतं. शाळेत सांगितलं नाही कुणी?"

"एका शाळेतून एकच घेतात म्हणून…"

"असं काही नाही. हवे तेवढे घेतात."

ती तशीच रस्ता ओलांडून नर्सिंगच्या इमारतीत गेली. समोरच्या दालनाचं दार उघडं होतं. विभागप्रमुख ब्रिनच्या खांद्यावर हात ठेवून इतरांना सांगत होत्या, "आणि ही ती, ताट फिरवणारी. इतकं सुंदर उत्तर यंदा दुसरं आलं नाही."

ब्रिन लाजून हसली. मग तिला दारातली लिनिया दिसली.

(मागच्या सीटवर)

ब्रिनची आई गाडी चालवत होती आणि बोलत होती. दोघींनी फोन काढले. एकाच सीटवर, मध्ये केकचा डबा.

*कोस्की बाई काय म्हणाल्या होत्या?*

"होस्टेलच्या खोलीला पडदे कुठले घ्यायचे गं पोरींनो?" ब्रिनची आई.

"कुठलेही," ब्रिन म्हणाली.

*लिन प्लीज. घरी गेल्यावर बोलू*

*काय म्हणाल्या?*

*की दोघींनीही नर्सिंगच लिहा. नंतर बदलता येत नाही. लिनला सांग*

*आणि तू म्हणालीस चालतंय.*

*दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले असते तर कुणाला घेतलं असतं सांग ना. तू कुठेही गेलीस तरी चमकणार. माझ्याकडे हे एकच होतं*

*तुझ्याकडे हेही नव्हतं. पेल्टोबाबा माझे होते.*

टाइप करत असल्याचे तीन ठिपके आले. गेले. पुन्हा आले.

"केक खा की," ब्रिनची आई म्हणाली. "आज एवढ्या गप्प का दोघी? भांडलात की काय?"

"नाही, काकू," लिनिया म्हणाली. "चांगला झालाय."

तिने डबा उघडलाही नव्हता.

अजून ठरलेलं नाही

एक मे. या दिवशी शाळेत सगळे आपापल्या कॉलेजचा स्वेटशर्ट घालून येतात. जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर प्रत्येकाची कागदी पताका: नाव, कॉलेज, विषय. ब्रिनची विद्यापीठाच्या रंगांतली लाल-पिवळी पताका सकाळीच लागली होती. तिच्या शेजारची जागा तिने चिकटपट्टी लावून अडवून ठेवली होती.

लिनिया वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराचा करडा शर्ट घालून आली.

"हे कुठलं कॉलेज गं?" कुणीतरी ओरडलं.

"जेवण जिथे मऊ करून मिळतं ते," ती म्हणाली. पोरं हसली.

तिने आपली पताका भिंतीच्या दुसऱ्या टोकाला लावली. शेजारच्या गावातलं दोन वर्षांचं कॉलेज, ज्याची शाळेत सगळे थट्टा करत, तीही करायची. विषय: नर्सिंग. विद्यापीठाला तिने आदल्या दिवशी नकार कळवला होता. आई रडली होती. कोस्की बाईंनी दोनदा समजावलं होतं.

मग ती ताट घेऊन एकटीच बसली. शेंगांची भाजी, कुरकुरीत बटाट्याखालचा खिमा, सफरचंदाचा लगदा.

ब्रिन येऊन तिच्या डाव्या बाजूला बसली.

"तू एकदा हो म्हण. मी त्यांना लिहिते, ते उत्तर माझं नव्हतं म्हणून."

लिनिया जेवत राहिली.

"खरंच लिहिते."

हे आधी लिहिता आलं असतं. एप्रिलपासून रोज लिहिता आलं असतं. त्याला लिनियाच्या हो-नाहीची गरज कुठे होती?

"आपण एकत्र जाणार होतो, लिन. खोलीचे पडदे आईने घेतलेसुद्धा."

लिनियाने उजवीकडचे बटाटे संपवले. मग खालचा खिमा. डावीकडे कुणाचा तरी श्वास अडकत होता, लाल बाहीने कुणीतरी नाक पुसत होतं. सफरचंद त्याच बाजूला होतं, आणि ते तिला आवडायचं.

तिने ताट फिरवलं नाही. तसंच उचललं आणि भांडी ठेवायच्या खिडकीकडे नेलं.