जयाच्या शाळेपायी

चार वर्षांची जया एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. त्यामुळे शाळेतल्या मुलाखतीची तिच्या आईला, विनताला, मुळीच धास्ती नव्हती.

जबलपुरात मदन महलजवळच्या त्या इंग्रजी शाळेत मोठ्या बाईंनी मांजराचं चित्र पुढे धरलं. "बेटा, यह क्या है?"

"मांजर," जया म्हणाली. "तिचं पोट दुखून राहिलं. तिनं खूप दूध पेलं ना!"

बाई हसल्या आणि जयाच्या बाबांकडे, शशिकांतकडे वळल्या. "बच्ची तेज़ है. पर क्लास में इसकी बात समझेगा कौन? जून तक घर में मराठी बंद कर दीजिए, फिर ले आइए."

दुसरीकडे घालायचं म्हटलं तर कुठे? शशिकांत ज्या मराठी शाळेत शिकला, तिथं यंदा नवी मुलंच मिळाली नव्हती. घराजवळची सरकारी शाळा विनता स्वतः बघून आली होती. एकच मास्तर दोन वर्गांच्या मधल्या दारात उभे, आणि दोन्हीकडे नुसता गोंगाट.

"चलो, जूनपर्यंतचा तर प्रश्न आहे," शशिकांत म्हणाला.

त्याचं काय, तो जबलपुरातच वाढलेला. विनता लग्न होऊन अचलपूरहून आलेली. तिची हिंदी भाजीवाल्यापुरती. "खाना खा लो", "हाथ धो लो" इथपर्यंत जमायचं. पुढे गाडी अडायची. रागावायला तिला शब्द सापडत नसत, आणि लाड करायला तर नाहीच नाही. जया मराठीत काही बोलली की ती ओठांवर बोट ठेवायची. पहिल्या दिवशी जयाला तो खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आई, तू काहून रागावली?" विनतानं तेव्हाही बोटच ठेवलं.

हळूहळू जया विचारेनाशी झाली.

मे महिन्यात एकदा आंघोळ घालताना फ्रॉकची कड तिच्या गुडघ्याला चिकटलेली दिसली. कोमट पाण्यानं भिजवून सोडवली, तर आत जखम पिकलेली. अंगही तापलं होतं. अंगणात कधी पडली, कुणालाच पत्ता नाही.

"अगं, सांगितलं काहून नाही?" विनता मराठीतच ओरडली.

जया घाबरून तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गुडघ्याला हिंदीत काय म्हणतात, मला येत नाही ना."

विनतानं तिला ओलीच छातीशी धरली. संध्याकाळी शशिकांत कारखान्यातून आल्याबरोबर ती म्हणाली, "मला नाही पाठवायचं तिला त्या शाळेत. आपल्या पोरीला मुकी करून राहिलो आपण."

शशिकांत पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत बसला. "बरं. मग कुठे घालायची ते तू सांग."

विनताच्या मनात त्याच त्या शाळांची नावं फिरली आणि पुन्हा त्या इंग्रजी शाळेवरच येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी जयाला दूध देताना विनता म्हणाली, "गरम है, धीरे पीना," आणि तोंड फिरवून चुलीकडे वळली.

जुलैत जयाला प्रवेश मिळाला. शेजारच्या बेबीताई पेढे मागायला आल्या. महिन्याभरानं बाईंनी विनताला सांगितलं, "बड़ी शांत बच्ची है. बिल्कुल तंग नहीं करती."

त्या दिवशी घरी आल्यावर विनतानं दार लोटलं, जयाला मांडीवर घेतलं, आणि कानाशी वाकून मराठीत विचारलं, "सांग ना गं, शाळेत काय काय झालं?"

"कुछ नहीं," जया म्हणाली, आणि मांडीवरून उतरून बूट काढायला बसली.