मूठभर मीठ

"लवू, काय पुरतोयस रे तिथे?"

पहिल्या मजल्याच्या खिडकीतून मालनकाकूंनी विचारलं. इमारतीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्याशी लवू उकिडवा बसला होता. शेजारी एका घमेल्यात खडेमीठ, दुसऱ्यात कोळसा.

"अर्थिंग भरतोय काकू. उन्हाळ्यात माती सुकली की गळती वीज जमिनीत उतरत नाही ना. दरवर्षीचंच काम."

"अमावस्येलाच बरं आठवलं?"

"आज रविवार, सुट्टी आहे."

लवू विक्रोळीच्या कारखान्यात वायरमन होता. तिथे शॉक लागून मशीनला चिकटलेला माणूस त्याने पाहिला होता. तेव्हापासून घाटकोपरच्या आपल्या इमारतीचं अर्थिंग तो कुणी न सांगताही बघायचा. पण महिन्यापूर्वी काकूंच्या सुनेचं, रतनचं, दुसऱ्यांदा पोट पडलं होतं. आणि लवूच्या बायकोला, सुगंधाला, मूल नव्हतं. काकूंनी दोन्हीची गाठ मारली: लवू करणी करतोय.

सोमवारी लवू कामावरून आला तर खड्डा उकरलेला. मीठ-कोळसा गटारात. जमिनीत जाणारी तार तोडलेली.

सुगंधा दारातच बसली होती. "शेजारच्या जयंतीकडे चैत्राचं हळदीकुंकू झालं. सगळ्यांना बोलावलं, मला नाही."

लवू तडक वर गेला. "काकू, खालची तार तुटलीय. फ्रिजला हात लावू नका."

"आता धमकी देतोस?"

"आई, मी सकाळपासून तेच सांगतेय," आतून रतन म्हणाली. "फ्रिजला झिणझिण्या येतात."

लवूने टेस्टर फ्रिजच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लाल पेटला.

"दिवा तुझाच आहे," काकू म्हणाल्या.

लवूने बटण बंद करून प्लग काढला. मोरीतली भरलेली बादली उचलून रतन त्याच्यामागून खाली उतरली. त्याने तार जोडली, नवं मीठ-कोळसा भरला. तिने पाणी ओतलं.

फ्रिजची सोललेली वायर बदलल्यावर झिणझिण्या थांबल्या. काकूंचा संशय थांबला नाही. सुगंधाच्या हातचा चहाही त्या घेईनात.

पुढच्या वर्षी खड्डा उघडण्याआधी लवूनेच त्यांचं दार वाजवलं.

"काकू, खाली या. समोर बसून बघा."

काकू खरंच आल्या. स्टूल टाकून, पदर आवळून बसल्या. लवू मीठ मुठीत घ्यायचा, त्यांच्यापुढे मूठ उघडायचा, त्यांनी मान हलवेपर्यंत थांबायचा आणि मगच खड्ड्यात टाकायचा.