कुंचीनं बोललेला नवस

मी एक कुंची बोलतेय. बाहेरून खणाची, आतून जुन्या धोतराच्या मऊ अस्तराची, तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर उतरणारी. मागच्या चैत्रात मी एक नवस बोलले होते. कुंचीनं नवस बोलू नये असं कुठे सांगितलेलं नाही, आणि मी ज्या घरात राहते तिथे तर देवीला सांगितल्याशिवाय गॅसचा सिलेंडरही बदलत नाहीत.

"अंबाबाई," मी ट्रंकेतून हात जोडले, "या खेपेला रुचिताचं बाळंतपण तिला विचारून होऊ दे. नॉर्मल होवो, सिझेरियन होवो, ते तुझ्या हाती. पण तिला विचारलं जाऊ दे. तसं झालं, तर जो मागेल त्याच्या घरी मी जाईन. भाषा बघणार नाही, जात बघणार नाही, शी-शूची तक्रार करणार नाही."

असा नवस का बोलावा लागला, ते सांगते.

मला साताऱ्याकडच्या एका आजीनं शिवलं. तिची लेक अहिल्या तेव्हा दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये होती. नवरा फौजेत, त्याला रजा मिळेना, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत राहून गेली. आजीला येणं जमलं नाही. तिनं मला शिवलं आणि सुट्टी संपवून परत निघालेल्या एका जवानाच्या पेटीत घातलं. त्याच्या डिंकाच्या लाडवांना चिकटूनच मी दिल्लीला पोचले.

आमच्याकडे बाळाला पहिलं नवं कोरं घालत नाहीत. धडधाकट वाढलेल्या दुसऱ्या बाळाचं वापरलेलं मागून आणतात. अहिल्याच्या मुलाला, अनुरागला, पहिलं शेजारच्यांचं झबलं चढलं आणि पाचवीला मी. अनुराग असा गुटगुटीत निघाला की लाईनीतल्या सगळ्या मराठी बायका मला मागून नेऊ लागल्या. किती बाळांची डोकी मी झाकली! प्रत्येक घरून परत येताना मी रिठ्यानं धुतलेली आणि वेखंड-ओव्याच्या धुरीचा वास घेऊन येई.

पुढे बदल्या झाल्या, पेन्शन झाली, फरीदाबादला फ्लॅट झाला. मी फौजी काळ्या ट्रंकेत गेले. आता कंपनीतून तयार टोप्या येतात, सशाचे कान लावलेल्या. मला वाटलं, संपलं आपलं.

मग अनुरागची बायको रुचिता गरोदर राहिली आणि मी पुन्हा बाहेर आले. दिवस भरत आले म्हणून मला बॅगेत घालून एका चकचकीत हॉस्पिटलात नेलं. तिथे लिफ्टमध्येही गाणी लागायची. रुचिता नुसती तपासणीला म्हणून आत गेली आणि नर्स बाहेर येऊन अनुरागला म्हणाली, "पानी कम है, सीझर करना पड़ेगा, यहाँ साइन कीजिए." अनुराग घाबरला, त्यानं सही केली. अहिल्यानं देवीचं नाव घेतलं. रुचिताला कळलं ते टेबलावर. रिंकू जन्मली, छान जन्मली, पण लगेच तिला दुसरीकडे नेलं आणि गुलाबी टोपी घातली. मी बॅगेतच राहिले.

घरी सगळे म्हणाले, आई-बाळ सुखरूप आहेत, आणखी काय हवं? खरंच होतं ते. पण रिंकूला पाजताना रुचिता एकदा अनुरागला म्हणाली, "सगळे मला सांगतात त्या दिवशी काय काय झालं. जसं काही मी तिथे नव्हतेच." अनुराग दुपटं घडी घालत बसला.

त्यानंतर पाच वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. मी नवस बोलले ते तेव्हा.

या वेळी रुचितानं कंबर कसली होती. ऑफिसमधून आली की पुस्तकं, फोन, मैत्रिणींना प्रश्न. अनुरागही तिच्याबरोबर बसायचा. मोठ्या सरकारी इस्पितळात अनुभवी डॉक्टर, पण गर्दी इतकी की सोबत कुणाला आत सोडत नाहीत. जुन्या हॉस्पिटलात खोली छान, पण तिथे पहिलं सिझेरियन म्हटलं की दुसरंही सिझेरियनच. साताऱ्याला जावं तर रिंकूची शाळा. अनुरागनं घरीच बाळंतपण करतात त्याचे व्हिडिओही पाहिले.

"घरी? या टॉवरमध्ये?" रुचिता म्हणाली. "लिफ्ट बंद पडली तर मला काय चादरीत घालून उतरवणार आहेस? एकदा टाके पडलेत माझे. हॉस्पिटल तर हवंच."

"बिल्कुल," अनुराग म्हणाला आणि त्यानं व्हिडिओ बंद केला.

शेवटी त्यांना दिल्लीत डॉ. सुनयना भेटल्या. छोटं प्रसूतिगृह, पण ऑपरेशनची सोय जागेवर, आणि सोबतीला एक माणूस आत. त्यांनी जुने कागद नीट वाचले. म्हणाल्या, "नॉर्मल की कोशिश हो सकती है. पुराने टाँकों पर ज़ोर पड़ने का थोड़ा ख़तरा रहता है, वो मैं छुपाऊँगी नहीं. इसलिए नज़र रखेंगे, और ऑपरेशन थिएटर तैयार रहेगा."

रुचिता घरी आली ती हसतच. आणि दारातच अहिल्यानं पेढा पुढे केला.

"गुरुजींना फोन केला होता," अहिल्या म्हणाली. "कार्तिकात एकादशीला सकाळी इतका सुंदर मुहूर्त आहे, राजयोग! मी जुन्या हॉस्पिटलात फोन करून सिझेरियनला ती वेळ धरूनही ठेवली. नाहीतर दुसरं कुणीतरी घेतलं असतं."

रुचितानं पेढा हातातच ठेवला. "आई, तुम्ही मला विचारलंत?"

"अगं, चांगल्यासाठीच ना! मंगळवार धरलेत मी तुझ्यासाठी."

"उपास माझ्यासाठी करता, आणि विचारत मला नाही."

अहिल्याचे डोळे भरले. तिनं ते पुसलेही नाहीत, सरळ देवघरात जाऊन बसली. आजवर तिचं देवाधर्मातलं कुणी खोडलं नव्हतं. संध्याकाळी रिंकूनं आजीची ट्रंक उघडली आणि मला ओढून काढलं.

"आजी, ये टोपी किसकी है?"

"टोपी नाही गं, कुंची. तुझ्या बाबाची."

"बाबा इतका छोटा था?"

अहिल्या हसली. रुचिता मटार सोलत होती. तिनं हळूच विचारलं, "आई, अनुरागच्या वेळी तुमचं कसं झालं होतं?"

अहिल्यानं मला मांडीवर घेतलं. बराच वेळ ती माझ्या कडेच्या जरीवरून बोट फिरवत होती.

"एकटीच होते," ती म्हणाली. "हिंदी येत नव्हती. इस्पितळातली बाई ओरडायची, 'चुप, चुप.' मी चुप. काय चाललंय, किती वेळ लागणार, मूल बरं आहे का, काही कळेना. मला वाटलं, असंच असतं." मग ती थांबली आणि म्हणाली, "मला आई हवी होती. कुणी विचारलं असतं ना, तर तेवढंच सांगितलं असतं."

रुचितानं मटाराची परात बाजूला सारली आणि सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं. रिंकूनं मला स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिलं. मी तिच्या कानापर्यंतही पोचले नाही.

सकाळी अहिल्यानं गुरुजींना फोन लावला. आवाज नरम होता, पण ठाम. "लग्नकार्याचे मुहूर्त आपण काढू गुरुजी. हे बाळ स्वतःचा मुहूर्त घेऊन येईल. तुम्ही रागावू नका." मग जुन्या हॉस्पिटलातली वेळ रद्द केली. मग रुचिताला म्हणाली, "आता तू सांग. त्या खोलीत तुझ्याबरोबर कोण हवंय? अनुराग की तुझी आई? मी बाहेर जप करत बसेन."

रुचिता म्हणाली, "तुम्ही या."

"मी?"

"अनुरागला इंजेक्शन बघूनच घाम फुटतो, आई."

एकादशी आली आणि गेली. अहिल्यानं साबुदाण्याची खिचडी केली आणि घड्याळाकडे पाहिलं नाही. कळा सुरू झाल्या त्या मार्गशीर्षात, धुक्यातल्या एका सकाळी. बॅगेत मी होते, आणि पहिलं घालायला शेजारणीच्या नातवाचं जुनं झबलं.

आत अहिल्या रुचिताला धरून चालवत होती, पाठ चोळत होती, नाम घेत होती. कळा येत होत्या, जात होत्या. "होतंय माझं," रुचिता दात आवळून म्हणायची. "मी करीन." दुपार झाली. मग कळ आली की मशीनवर बाळाचे ठोके मंदावू लागले. नर्स दाराकडे वळली आणि बाहेरच्या अनुरागला हाक मारली, "भैया, आप ज़रा साइन कर दो."

तेव्हा अहिल्या, जन्मभर 'चुप' ऐकून चुप बसलेली, दारात आडवी उभी राहिली. "सही बाद में," ती आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "पेट उसका है. पहले उसको पूछो."

डॉ. सुनयनांनी मान हलवली. त्या रुचिताच्या डोळ्यांशी डोळे येतील अशा वाकल्या. "रुचिता, बच्चा अभी ठीक है, पर थक रहा है. थोड़ा और रुक सकते हैं, लेकिन मेरी सलाह है कि ऑपरेशन कर लें. तुम पूछो, जो पूछना है."

रुचिता घामानं निथळत होती. मी देवीचं नाव घेतलं.

"मैं जागी रहूँगी?"

"पूरी."

"बच्चा मेरे पास आएगा? तुरंत?"

"टाँके बाद में लगते रहेंगे. बच्चा सीधे तुम्हारी छाती पर."

रुचितानं डोळे मिटले. इतके महिने तिनं वेगळं काही मनात धरलं होतं. ते सोडायला एक श्वास लागला. मग ती म्हणाली, "तो चलिए. मी सांगतेय, चला." आणि कागद स्वतः मागून घेऊन तिनं सही केली. अक्षर वाकडं आलं.

मुलगा झाला. रडला, आणि आईच्या छातीवर येताच थांबला. पोटावर पुन्हा तसेच टाके पडले. पण अनुराग भेटायला आला तेव्हा रुचिता त्याला म्हणाली, "ऐक, मी सांगते तुला काय काय झालं."

पाचवीला बाळाच्या डोक्यावर मी चढले. आता मी म्हातारी झालेय. खण विरलाय, अस्तराला ठिगळ आहे. तरी नवस फेडतेय. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबात जाऊन आले. सोसायटीच्या वॉचमनच्या नातीच्या डोक्यावर अख्खा माघ काढला. सध्या पहाडगंजला निघालेय. तिथे स्वरूपा नावाची मुलगी सातव्या महिन्यात आहे, आणि घरात तिचं बाळंतपण कुठे करायचं यावर तिला सोडून सगळे बोलताहेत.

तुमच्याही घरात कुणी दोन जिवांची असेल. देवाला जे बोलायचं ते बोला, उपास धरा, ओटी भरा. देवी मोठी आहे, ती ऐकते. त्याबरोबर माझ्यासारखा हाही एक नवस बोला, आणि तो आजच फेडा. डॉक्टरांकडे जाताना तिला पुढच्या खुर्चीवर बसवा. तिला विचारा, "बाई गं, तुला काय हवंय? तुला कशाची भीती वाटते?" ती लगेच बोलणार नाही, तिला सवय नसेल. तुम्ही मध्ये बोलू नका. तिचं सांगून होईपर्यंत बसून राहा.